आमच्या साडूला पुन्हा नोकरी लागली

राज्यातली बेकारी कधी नव्हे इतकी कमी झाली, अशी बातमी मध्यंतरी पेपरात आली होती. लोकांनी तिचं श्रेय आपापल्या आवडीप्रमाणे वाटून टाकलं. आमच्या मंचरच्या न्हाव्याच्या दुकानात त्यावरून दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालं. मी गप्प राहिलो, कारण खरं काय ते मला माहीत होतं. ती बेकारी एकट्या माझ्या साडूने कमी केली आहे. हा माणूस इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा नोकरीला लागला आहे, की मोजणाऱ्यांनी त्याला दर वेळी नवा माणूस धरलं असणार, आणि एका साडूच्या जोरावर अख्खा तालुका कामाला लागल्याचं दिसलं असणार. माझ्या बोलण्यात थट्टा कमी आणि जळफळाट जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा राजुरीला राहतो. बारावीत त्याची गाडी जी अडकली ती तिथून पुढे सरकलीच नाही. आणि तरीही सकाळी न्याहारी करून घराबाहेर पडला, की दुपारच्या जेवणाच्या आत त्याला नोकरी लागलेली असते. मी बी. कॉम. आहे.

आता दिवसच तसे आले आहेत, हे मला मान्य आहे. मंचरहून नारायणगावला जाताना हायवेच्या दोन्ही बाजूंना बघावं तिकडे ‘मुले पाहिजेत’, ‘मुली पाहिजेत’, ‘अनुभव नसला तरी चालेल’ अशा पाट्या लागलेल्या असतात. द्राक्षांच्या पॅकहाउसला माणसं हवीत, गोडाऊनला हवीत, रोपवाटिकेला हवीत. एका हॉटेलवाल्याने तर फळ्यावरची मिसळ पुसून तिथे ‘वेटर पाहिजे’ असं लिहिलं. आमच्या वेळी असं नव्हतं. कॉलेज संपल्यावर मी पुण्याच्या रोजगार कार्यालयाबाहेर उन्हात रांगा लावल्या, नाव नोंदवलं, नोंदवलेलं नाव पुन्हा पुन्हा ताजं करून घेतलं, आणि बोलावणं काही आलं नाही. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीने मंचरजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर म्हणून चिकटलो. चिकटलो हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बटाट्याच्या पोत्यांवर लक्ष ठेवत, स्वेटर घालून, मी त्या खुर्चीला असा धरून बसलो की माझं तारुण्य तिथेच थंड राहिलं आणि बटाट्यासारखं बऱ्यापैकी टिकलंही.

साडूमध्ये मालक लोकांना नेमकं काय दिसतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उंची बेताची, पोट सुटलेलं, केस तेल लावून चोपून बसवलेले. खिशाला पेन असतं, पण त्याचं टोपण निघालेलं मी पाहिलेलं नाही. फक्त त्याचा चेहरा असा आहे, की बघणाऱ्याला वाटतं, हा आपल्याकडेच कामाला आहे आणि आज जरा उशिरा आलाय. एकदा त्याच्या चुलत्याच्या ट्रॅक्टरचा पार्ट आणायला आम्ही दोघे नारायणगावच्या एका शोरूमला गेलो. मी काउंटरवर उभा राहून पार्टचं नाव सांगत होतो. मागे वळून बघतो तर हा एका शेतकऱ्याला नव्या ट्रॅक्टरवर बसवून शेजारी उभा, आणि म्हणतोय, ‘‘बसून बघा की पावणं, बसायला काय जातंय?’’ पावण्याने ट्रॅक्टर बुक केला. मॅनेजरने साडूला आत बोलावून चहा पाजला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात शोरूमचं ओळखपत्र होतं. पार्ट घेऊन मी एकटाच राजुरीला गेलो. मेव्हणी दारातच उभी होती.

‘‘हे कुठं राहिले?’’

‘‘कामाला लागले,’’ मी म्हणालो.

‘‘आत्ता गं बाई! आन जेवायला?’’ एवढंच तिने विचारलं. तिला सवय होती.

मुलाखत हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तो साडूला लागू पडत नाही, कारण ती तो घेतो. नोकरी पक्की करण्याआधी तो मालकाचं केबिन बघत नाही, कामगारांचा संडास बघून येतो. ‘‘केबिनवरून काय कळत न्हाई, भाऊ,’’ तो मला सांगायचा, ‘‘कामगाराच्या संडासात नळाला पाणी असलं, का पगार टायमावर व्हतो.’’ हा सिद्धान्त खोटा ठरलेला मला अजून सापडलेला नाही, आणि मी मनापासून शोधत होतो. एका पॅकहाउसमध्ये पुण्याहून आलेली एक शिकलेली मुलगी नेमणुका करायची. तिने त्याला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? साडू म्हणाला, ‘‘ताई, खरं सांगा, तुमी सोता पाच वर्सं हितं ऱ्हानार हाय का?’’ ती आधी हसली, मग विचारात पडली, आणि मग तिने त्याला आपली आई साताऱ्याला एकटी असते इथपासून सगळं सांगितलं. साडूला नोकरी लागली. महिनाभरात त्या मुलीने साताऱ्याकडे बदली मागून घेतली आणि जाताना याच्या पाया पडली. इतक्या वर्षांत माझ्या पाया फक्त माझा मुलगा पडला आहे, तोही परीक्षेच्या दिवशी.

बरं, नोकरी सोडताना तरी काही वाजावं, तर तेही नाही. त्याचा जीव भरला की तो पेढे घेऊन मालकाकडे जातो. मालक आधी रागावतो, मग पगार वाढवतो म्हणतो, आणि शेवटी शाल-नारळ आणायला माणूस पाठवतो. एका इंग्रजी शाळेची बस हा चालवायचा. वर्षसुद्धा पुरं केलं नसेल, पण त्याच्या निरोपाला मुलं रडली, मुलांच्या आया रडल्या, आणि मुख्याध्यापिकाबाई भाषण अर्धं सोडून खाली बसल्या. मी नातेवाईक म्हणून पहिल्या रांगेत होतो. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसत मला विचारलं, ‘‘तुम्ही पण त्यांच्यासारखेच का हो?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, मी बटाट्यात असतो.’’

त्याच्या घरात कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव नसलेली वस्तू शोधावी लागते. दिवाळीच्या तोंडावर जिथे भेटवस्तू मिळते, तिथे तो दसऱ्याला लागलेला असतो. छत्र्या, पिशव्या, भिंतीवरची घड्याळं, मिक्सर. त्याच्या वावरातल्या बुजगावण्याच्या अंगावर सुद्धा सिक्युरिटीचा निळा युनिफॉर्म आहे, टोपीसकट. आमच्या भागात बिबटे उसातून राजरोस फिरतात, पण त्या वावरात कधी शिरले नाहीत. गेटपास विचारतील म्हणून, असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती हसली नाही. ती म्हणाली, ‘‘तिच्याकडे नवा मिक्सर आलाय. तुम्ही पण जरा इकडंतिकडं बघा की.’’

पण मला खरा घाव बसला तो लोणीला. लोणी आमची सासुरवाडी. जत्रेला सगळे जावई जमतात, आणि मी थोरला असल्यामुळे गादीवरची मधली जागा माझी होती. सासरे विचारायचे, ‘‘पावणं, काय म्हनतंय हापिस?’’ मी म्हणायचो, ‘‘चाललंय तिथंच,’’ आणि त्या ‘तिथंच’मध्ये तेव्हा वजन होतं. ज्याची नोकरी तिथंच आहे, तो माणूस जागेवर आहे, अशी त्या काळची समजूत होती. मग दिवस पालटले. सासऱ्यांनी माझ्याकडे बघणं सोडून याला विचारायला सुरुवात केली, ‘‘आन तुमी? आता कुठं?’’ की झालं, सगळी पंगत कान देऊन ऐकायला लागायची. हा मटणाचा घास तोंडात धरून एका हाताने फोन लावायचा आणि कुणाच्या तरी भाच्याला तिथल्या तिथे नोकरी लावून द्यायचा. ‘‘सोमवारी धाडतो, सायेब. आपलंच पोरगं हाय.’’ त्या वर्षी सासूबाई वाढायला आल्या, आणि लग्नापासून दर जत्रेला माझ्या ताटात पडणारा कलेजीचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत दोन ताटं पुढे गेला. मी रस्सा भुरकत राहिलो. त्याने तो तुकडा अर्धा करून माझ्या ताटात टाकला, हे मी सांगितलं पाहिजे. पण अर्धी कलेजी ही पूर्ण अपमानापेक्षा गिळायला कठीण असते.

पुढे असं झालं, की या भरभराटीनेच माझी नोकरी खाल्ली. आमच्या कोल्ड स्टोरेजला हमाल मिळेनात. जे पोती वाहायचे, त्यांची पोरं पंख्याखाली बसून द्राक्षं निवडायला गेली, आणि पोरांच्या मागोमाग बापही गेले. त्यांचं काय चुकलं? पाठीवर पोतं घेण्यापेक्षा हातात कात्री बरी. मालक थकले होते, त्यांचे मुलगे पुण्यात रमले होते. त्यांनी जागा विकून टाकली. जिथे बटाटे निजायचे, तिथे आता लग्नाचं लॉन आहे आणि नवरदेव घोड्यावरून उतरतो. शेवटच्या दिवशी मी चांगला शर्ट घालून गेलो होतो. शाल-नारळाची अपेक्षा नव्हती, पण दोन शब्द कुणीतरी बोलेल असं वाटलं होतं. मालक फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, ‘‘चाव्या टेबलावर ठेवा,’’ आणि मी ठेवल्या.

दुष्काळात उपाशी राहिलेल्या माणसाबद्दल लोक हळहळतात, पण जेवणावळीत उपाशी राहिलेल्याकडे संशयाने बघतात. ‘‘टेन्शन काय घेता राव, आता तर माणूस मिळत नाही कामाला,’’ असं जो भेटेल तो म्हणायचा. मी दोन-चार ठिकाणी जाऊन आलो. सगळे नीट बोलले, कळवतो म्हणाले, कुणी कळवलं नाही. दुपारी मी घरात पडून असायचो आणि बायको भांडी हळू आवाजात घासायची, ते मला सहन व्हायचं नाही. त्यातच एका सकाळी दारात मोटारसायकल वाजली. साडू होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

‘‘चला भाऊ. आज रजा टाकलीय. तुमचं काम करून टाकू.’’

ज्याच्यावर आपण वर्षानुवर्षं जळत आलो, त्याच्या मागच्या सीटवर बसून, त्याची कंबर धरून नोकरी मागायला जाणं काय असतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिल्या ठिकाणी, एका रोपवाटिकेत, त्याने मोठ्या अभिमानाने ओळख करून दिली, ‘‘हे आमचे थोरले साडू. सगळी जिंदगी एकाच ठिकाणी काढली त्यांनी.’’ मालकाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘एकाच ठिकाणी? का, दुसरीकडं कुनी घेतलं न्हाई व्हय?’’ दुसऱ्या ठिकाणी मालकाने मला बसवून घेतलं, माझं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि मग साडूकडे वळून म्हणाला, ‘‘तुमी येता का? उद्यापासून या.’’ साडूचा चेहरा पडला. तो म्हणाला, ‘‘सायेब, मी ड्रायवर म्हनून आलोय ह्यांचा.’’ त्याने माझी अब्रू राखायला हे म्हटलं होतं. मालक म्हणाला, ‘‘मग ड्रायवर म्हनून या.’’

परत रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, ‘‘रागावला का, भाऊ?’’ मी नाही म्हणालो. गाडीवर मागे बसल्याचा एक फायदा असतो, तोंड दिसत नाही.

तिसरं ठिकाण जुन्नरला होतं. जुन्या पेठेतली एक बेकरी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे खारी, टोस्ट आणि नानकटाई भाजणारं एक मुसलमान कुटुंब आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. पांढरी दाढी, बनियनवर उडालेलं पीठ, बोलणं हळू. कुठल्या दुकानाला किती माल गेला आणि किती परत आला, हे बघायला त्यांना माणूस हवा होता. साडू पायरीपाशीच थांबला. ‘‘तुमी जावा आत. मी हितंच बरा हाय.’’ इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण कुठल्या दारात तो असा अडलेला मी पाहिला नव्हता. चाचांनी मला फार विचारलं नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये माल कसा लावायचो ते ऐकलं आणि म्हणाले, ‘‘या सोमवारपासून.’’ मला खरंच वाटेना. मग ते माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाले, ‘‘त्याला आत बोलवा ना. अजून पायरीवरच उभा राहतो तो?’’

मी विचारलं, तुम्ही ओळखता यांना?

‘‘ओळखतो म्हणजे? हा कोवळा पोरगा होता तेव्हा. कुठं काम नव्हतं त्या वेळी. राजुरीहून दुधाच्या गाडीत बसून यायचा सकाळी, आणि ह्या पायरीवर उभा राहायचा. ‘चाचा, काय काम हाय का?’ मी रोज नाही म्हणायचो. काय करणार, माझीच मुलं रिकामी बसली होती. रोज यायचा, रोज नाही ऐकायचा, सलाम करून जायचा. मग एक दिवस आला नाही. खुदा कसम, त्या दिवशी मलाच काहीतरी हरवल्यासारखं झालं.’’

परतीच्या वाटेवर मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. चहाच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो, आणि मी विचारलं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत ते? त्याने चहा फुंकला.

‘‘काय बोलायचं, भाऊ? त्या टायमाला लई हिंडलो. जुन्नर म्हनू नका, मंचर म्हनू नका. मानसं वाईट नव्हती कुनी, पर कामच नव्हतं. घरी गेलं का आई तोंडाकडं बघायची, इचारायची न्हाई काय.’’ मग तो हसला. ‘‘म्हनून आता कुनी ‘ये’ म्हनलं का, मला न्हाई म्हनवतच न्हाई. वाटतं, परत म्हनतील, न म्हनतील.’’

मला गलबलून आलं. हे अगदी खरं आहे. आणि त्याच क्षणी मनात आलं की रांगेत तर मीही उभा होतो, उन्हात, रोज. पण माझी वाट बघणारी पायरी कुठे नाही, आणि माझ्या न येण्याने कुणाला चुकल्यासारखं झालेलं नाही. त्याचं दुःखसुद्धा माझ्या दुःखापेक्षा सरस निघालं. चहाचे पैसे मी हट्टाने दिले.

बेकरीत मी रुळलो. एसटीने जातो-येतो, अंगाला लोण्याचा वास घेऊन घरी येतो. साडूही आपला फिरत राहिला. गेल्या हिवाळ्यात हायवेला एक मोठं नवं गोडाऊन उघडलं, दिसेल त्याला कामावर घेत होते. साडू साहजिकच गेला. आणि गेटवरच्या तरण्या गार्डने त्याला सांगितलं, ‘‘काका, वय बसत नाही.’’ त्याने आतही सोडलं नाही. ही गोष्ट मेव्हणीने माझ्या बायकोला फोनवर सांगितली आणि बायकोने मला, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. त्यानंतर तो आणखी दोन ठिकाणी जाऊन आला होता, तिथेही तेच. मग त्याने जाणं बंद केलं. राजुरीच्या चावडीपाशी बसून असतो म्हणे.

इतकी वर्षं हीच बातमी ऐकण्यासाठी मी कान टवकारून बसलो होतो. एकदा तरी, एका ठिकाणी तरी याला नाही म्हणावं कुणीतरी. ती आली, आणि ताटातली भाकरी मला गिळेना. मला त्या गार्डचा राग आला. काय माहीत आहे त्याला? कोण आलं होतं आपल्या दारात, कळलं तरी का त्याला?

दुसऱ्या दिवशी मी चाचांशी बोललो. डोंगराकडच्या लाइनवर, घोडेगावच्या पलीकडल्या लहान लहान दुकानांना माल पोचवणारा आमचा टेम्पोवाला पॅकहाउसला निघून गेला होता आणि ती लाइन तशीच पडून होती. चाचांनी वय विचारलं नाही. मी राजुरीला गेलो. साडू मला बघून उठला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, ‘‘सध्या जरा आरामच चाललाय, भाऊ.’’ मी म्हणालो, ‘‘चाचांनी धाडलंय मला. टेम्पो पडून आहे. तुमच्याशिवाय जमणार नाही म्हणतात.’’

‘‘चाचा म्हनले? का तुमीच?’’

‘‘चाचाच,’’ मी म्हणालो. ‘‘मी कशाला म्हणतोय?’’

सोमवारी मी पोचायच्या आत तो बेकरीत होता. पायरीवर नव्हता, आत होता, भट्टीवाल्याला तंबाखू देत होता. पंधरवड्यात डोंगराकडून खारीची मागणी वाढली. पूर्वी मऊ पडून परत येणारे टोस्टचे पुडे यायचे बंद झाले, कारण हा कुठल्याशा वाडीतल्या लग्नात, बारशात, नाचणीच्या भाकरीबरोबर टोस्ट खपवून येत होता. काल संध्याकाळी चाचा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘वा! याला म्हणतात माणूस.’’ मी तिथेच ट्रे रचत उभा होतो. मला असं कुणी म्हटलेलं नाही. छातीत ती जुनी, ओळखीची जळजळ उठली, आणि खरं सांगू, फार बरं वाटलं.

टेम्पोतून उतरताना तो हल्ली आधी दार घट्ट धरतो, मग एक पाय खाली सोडतो, आणि क्षणभर तसाच थांबतो. मी बघितलं नाही असं दाखवतो आणि वरचे जड ट्रे स्वतः उतरवून घेतो. तो इथे किती दिवस राहील, सांगता येत नाही. उद्या हायवेवर कुणी काच खाली करून त्याला हाक मारली, तर जाईलही. जावं त्याने. त्याला हाक मारणारं अजून कुणीतरी असावं, आणि इकडे भट्टीशेजारी उभ्या उभ्या माझा जीव असाच जळत राहावा.